आयडलला बंद पडणारी गाडी आणि कारण शोधण्याची रीत

मागच्या खेपेला आपण कार्यकारणभावावर बोललो, तेव्हा उदाहरणं सगळी परंपरेतलीच होती. घट आणि माती, पट आणि तंतू, कुंभार आणि त्याचं चाक. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, हे ठीक आहे, पण माझी मोटरसायकल सिग्नलला उभी राहिली की बंद पडते. त्याचं कारण तुमच्या तर्कशास्त्रानं सापडेल का?" लोक हसले. मला मात्र प्रश्न रास्त वाटला. मडकं कशामुळे झालं हे कुणाला शोधावं लागत नाही, ते समोर दिसतं. बंद पडलेल्या इंजिनाचं कारण खरोखरच शोधावं लागतं. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

काहींना इथे रॉबर्ट पिर्सिग यांचं १९७४ सालचं मोटरसायकलवरचं गाजलेलं पुस्तक आठवेल. हे गृहस्थ काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकले होते, हे आपल्याकडे फारसं माहीत नसतं. पण त्यांना गाडीवरून 'गुणवत्ता' या कल्पनेपर्यंत जायचं होतं. आपल्याला गाडीपर्यंतच जायचं आहे.

आधी 'आयडल' म्हणजे काय ते बघू. तुम्ही अॅक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आहे, गाडी उभी आहे आणि इंजिन आपलं आपण चालू आहे, ती अवस्था. गॅरेजमध्ये म्हणतात, 'गाडी स्लो धरत नाही.' तो स्लो म्हणजेच हा आयडल. आपल्याकडच्या शंभर सीसीच्या गाडीचं इंजिन या अवस्थेत मिनिटाला साधारण १४०० फेरे मारतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला ७००, सेकंदाला जवळजवळ बारा. या बारा लहानशा स्फोटांची ताकद कशात खर्च होते? इंजिनाचं स्वतःचं घर्षण, हवा आत ओढण्याचे आणि धूर बाहेर ढकलण्याचे कष्ट, आणि थोडी वीज तयार करणं, यातच. शिल्लक काही राहत नाही.

ज्या घरात महिन्याची मिळकत महिन्यातच संपते, तिथे एखाद्याचं आजारपण आलं की सगळं कोलमडतं. तेच आजारपण सुखवस्तू घरात आलं तर शेजाऱ्यांना कळतही नाही. आयडलचं इंजिन हे असं जेमतेम भागवणारं घर आहे. ठिणगी थोडी कमजोर झाली, हवा थोडी जास्त शिरली, व्हॉल्व्ह केसभर उघडा राहिला, तर साठच्या वेगात तुम्हाला पत्ताही लागत नाही, पण सिग्नलला गाडी बंद पडते. 'चालताना तर मस्त चालते हो' असं मालक सांगतो, ते खरंच असतं. पण त्यावरून इंजिन निरोगी आहे असं ठरत नाही. दोष तिथे झाकला गेला आहे, एवढंच.

आणि हा दोष नुसता कटकटीचा नाही. उजवीकडे वळताना आपण वेग कमी करतो, अॅक्सिलरेटर सोडतो. नेमकं त्या वेळी इंजिन बंद पडलं तर समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत गाडी उभी राहते. त्यामुळे 'परत किक मारली की झालं' ही वृत्ती मला पटत नाही.

आता कारणांकडे वळू. इंजिन चालायला हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण लागतं, वेळेवर ठिणगी लागते आणि ते मिश्रण दाबलं जावं लागतं. मिश्रणाचं माप वजनानं साधारण एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा. या तिघांपैकी एकही लंगडं पडलं की आयडल गेला. प्रत्येकाच्या पोटात पुन्हा चार-पाच कारणं. कचरा अडकलेला जेट, फाटलेलं रबर, तुंबलेला एअर फिल्टर, काजळी धरलेला प्लग, दमलेली कॉइल, घट्ट झालेले टॅपेट. अशी पंधरा नावं कुठेही सापडतात. पण पंधरा नावांची यादी म्हणजे निदान नव्हे. यादी सांगते काय काय असू शकतं. तुमच्या गाडीत काय आहे हे सांगत नाही.

आमच्या गल्लीत एक जुने मिस्त्री आहेत. गाडी आणली की ते पाना उचलत नाहीत. विचारतात, "कधी बंद पडते?" मालक म्हणतो, "सारखी पडते." मिस्त्री म्हणतात, "सारखी पडली असती तर इथवर आली नसती. कधी, ते सांगा." न्यायशास्त्रात ज्याला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात, म्हणजे 'हे असलं की ते असतं' आणि 'हे नसलं की तेही नसतं', ते दोन्ही या 'कधी'मध्ये आले. जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात याच जातीच्या पद्धती नीट मांडून दाखवल्या. मिस्त्रींनी दोन्ही वाचलेले नाहीत, आणि त्यामुळे त्यांचं काही अडलेलं नाही.

कार्बोरेटरची गाडी घेऊ. सकाळी थंड असताना बंद पडते, चोक ओढला की चालते. इथपर्यंत विशेष काही नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतंच. पण दहा मिनिटं चालून गरम झाल्यावरही चोक असेल तरच स्लो धरते आणि चोक ढकलला की मरते, हे मात्र बोलकं आहे. चोक हवेची वाट अडवतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. ते वाढवलं की सुधारतं याचा अर्थ एरवी ते कमी पडतंय. मग पंधरातली दोनच कारणं पुढे येतात. एक, स्लो जेटमध्ये कचरा. या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, आणि आयडलला जवळजवळ सगळं पेट्रोल त्याच वाटेनं येतं. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली की आतलं पेट्रोल आटून चिकट थर धरतो आणि ती वाट बुजते. दुसरं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला चीर जाऊन तिथून न मोजलेली हवा आत शिरणं.

या दोघांत फरक कसा करायचा? इंजिन चालू ठेवून त्या रबरावर थोडं साधं पाणी फवारा. आवाज बदलला, फेरे क्षणभर सावरले, तर चीर तिथे आहे. पाण्यानं ती घटकाभर बुजली. काही गॅरेजांत यासाठी पेट्रोल शिंपडतात. शेजारी तापलेला सायलेन्सर असतो. कृपा करून ते करू नका.

आता उलटा प्रकार. चोक ओढला की जास्तच बिघडतं, गरम झाल्यावर बंद पडते, सायलेन्सरमधून काळा धूर येतो. म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. एअर फिल्टर तुंबलेला असेल, किंवा फ्लोटची सुई झिजून पेट्रोल वर चढत असेल, किंवा चोकच अर्धवट अडकला असेल. फिल्टर क्षणभर बाहेर काढून बघितलं की पहिल्या शक्यतेचा निकाल लागतो.

तिसरा प्रकार. थंड असताना छान, आणि चोकनं काही फरक पडत नाही, पण पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर सिग्नलला मरते. इथे मिश्रणाचा संशय कमी करा. कॉइल तापली की तिच्या आतलं इन्शुलेशन दगा देऊ शकतं. आणि दुसरा संशयित टॅपेट. टॅपेटची फट छोट्या गाड्यांत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. ती झिजून नाहीशी झाली असेल, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पुरता बसतच नाही, दाब निसटतो आणि आयडल जातो. यातली गंमत बघा. फट जास्त असलेला टॅपेट टकटक वाजतो, म्हणून मालक घाबरतो आणि सांगतो, 'आवाज बंद करा.' फट नसलेला टॅपेट अगदी शांत असतो. तो शांतपणे व्हॉल्व्ह जाळत असतो. 'आवाज नाही म्हणजे सगळं ठीक' हे अनुमान इथे सपशेल चुकतं.

चौथा प्रकार मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यात इंजिनाचा दोषच नसतो. न्यूट्रलला गाडी तासभर चालू राहते. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून उभी केली की मरते. क्लच दाबूनही पुरता सुटत नाही, इंजिनावर चाकाचं ओझं राहतं आणि जेमतेम भागवणारं घर त्या ओझ्याखाली बसतं. क्लच केबल ताणून घ्या, झालं. अशा गाडीचा कार्बोरेटर दोनदा उघडलेला मी बघितला आहे. आणखी एक जात आहे. काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी मुद्दाम अशी सोय असते की न्यूट्रलला काही सेकंद गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं. हिरोच्या गाड्यांवर 'आय-थ्री-एस' लिहिलेलं असतं ते हेच. त्याचं बटण असतं. सेकंड-हँड गाडी घेतलेला माणूस ही सोय म्हणजे रोग समजून गॅरेजमध्ये येतो. दोष शोधण्याआधी दोष आहे का, हेही विचारावं लागतं.

आता धुराबद्दल थोडं, कारण धूर हा आमच्या शास्त्राचा जुना सोबती. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान तुम्ही ऐकलेलं आहे. त्याच्या उलट, 'अग्नी आहे म्हणून धूर असणारच' हे मात्र चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या मधल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. गाडीच्या बाबतीत ही उपाधी विसरली की घोटाळे होतात. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पांढरं धुकं निघतं, ती पाण्याची वाफ. गरम झालं की जाते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त.

प्लगचंही तसंच. तो काळा कोरडा निघाला की मेकॅनिक लगेच म्हणतो, 'मिक्श्चर रिच आहे.' असेल. पण ठिणगी कमजोर असली तरी प्लग काळाच पडतो. एकच खूण दोन ठिकाणी सापडत असेल तर ती हेतू म्हणून चालत नाही. आपल्याकडे त्याला सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. शिवाय वीस किलोमीटर दामटून आणलेल्या गाडीचा प्लग त्या वीस किलोमीटरची हकीकत सांगतो, आयडलची नाही. आयडलबद्दल विचारायचं असेल तर चांगली गरम झालेली गाडी काही मिनिटं स्लोवर चालू ठेवून, तिथेच बंद करून, मग निवल्यावर प्लग काढावा लागतो.

एक स्क्रू आहे, त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे. आयडलचा स्क्रू. गाडी स्लो धरत नाही म्हटलं की पहिला हात तिथे जातो. तो फिरवला की अॅक्सिलरेटर सोडलेला असतानाही थ्रॉटल थोडा उघडा राहतो, फेरे वाढतात, गाडी बंद पडायची थांबते. मालक खूश. पण कारण जिथे होतं तिथेच आहे. आपण फक्त साक्षीदाराचं तोंड बंद केलं. रबराची चीर वाढत जाते, पेट्रोल जास्त जातं, गरम झाल्यावर इंजिन उगाच घोंघावतं, घाटात उतरताना इंजिनाचा ब्रेक कमी पडतो. आणि महिन्याभरानं पुन्हा बंद पडायला लागली की स्क्रू आणखी एक वेढा. हा स्क्रू हलला असेल तर तो जागेवर आणणं हे योग्यच. पण काल ठीक असलेली गाडी आज बंद पडते आणि स्क्रूला कुणी हात लावलेला नाही, तर कारण स्क्रूमध्ये नाही, हे सांगायला तर्कशास्त्राची पदवी लागत नाही.

त्याच्या शेजारी मिश्रणाचा दुसरा, बारीक स्क्रू असतो. तो कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवा नियंत्रित करतो. आत पिळला की मिश्रण दाट होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर आत पिळल्यावर पातळ होतं. म्हणजे एकाच कृतीचे दोन उलटे परिणाम. 'माझ्या भावाच्या गाडीला अर्धा वेढा आत दिला' हा अनुभव तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही.

आता आजच्या बोलण्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. समजा गॅरेजमध्ये प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, फिल्टर नवा टाकला, टॅपेट लावले. गाडी छान चालली. कारण सापडलं का? नाही. गाडी दुरुस्त झाली. कारण अज्ञातच राहिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा बंद पडली तर तुम्ही जिथे होता तिथेच आहात, खिसा तेवढा हलका झालेला. फक्त प्लग बदलला असता तरीही खात्री नव्हती. प्लग काढायला गाडी अर्धा तास उभी राहिली, इंजिन निवलं. मग ती नव्या प्लगनं चालली की निवल्यामुळे? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, ती ही अशी.

खात्री करायचा मार्ग एकच. जुना प्लग परत लावा. दोष परत आला, तर कारण प्लग. परत नवा लावला आणि गेला, तर वादच संपला. लोकांना हे वेड्यासारखं वाटतं. बरी झालेली गाडी मुद्दाम बिघडवायची? पण एकच गोष्ट बदलणं आणि ती उलटवून बघणं, यावाचून 'यामुळे' हा शब्द उच्चारायचा अधिकार मिळत नाही.

इथे मेकॅनिकची बाजूही मांडली पाहिजे, कारण त्यांच्यावर टीका करणं फार सोपं असतं. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या आहेत. प्लगची किंमत त्याच्या तासाभराच्या मजुरीपेक्षा कमी आहे. चार गोष्टी एकदम बदलून गाडी रस्त्याला लावणं हे त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे. त्याला गाडी चालू करायचे पैसे मिळतात, कारण सिद्ध करायचे नाहीत. म्हणून निरीक्षणाचं काम मालकाचं. ते फुकट आहे आणि तो रोज गाडीवर बसतो. 'गाडी बंद पडते' असं सांगण्याऐवजी 'गरम झाल्यावर, न्यूट्रललाही, चोकनं फरक पडत नाही' एवढं एक वाक्य तुम्ही नेलंत, तर मेकॅनिकचे निम्मे अंदाज तिथेच गळतात.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या मोटरसायकली जवळजवळ सगळ्याच फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. चोक गेला, स्लो जेट गेला, फिरवायचा स्क्रू बहुधा गेला. आता थ्रॉटल बॉडीतली काजळी, आयडलच्या हवेच्या वाटेतला कचरा, कमजोर बॅटरी, बिघडलेला सेन्सर ही मंडळी आली. आणि मीटरवर एक पिवळा दिवा आला. हा दिवा म्हणजे शब्दप्रमाण. शब्दप्रमाण मानायला माझी हरकत नाही, पण सांगणारा त्या विषयातला आप्त हवा. गाडीतल्या संगणकाला आपल्या सेन्सरांचं आणि तारांचं उत्तम कळतं. टॅपेटची फट त्याला दिसत नाही. तेव्हा दिवा लागला तर त्याचं ऐका, पण दिवा लागला नाही म्हणून 'काही झालेलं नाही' असं समजू नका. कोडनं एखाद्या सेन्सरचं नाव सांगितलं, तरी सेन्सर गेला आहे की त्याची पिन सैल आहे, हे माणसालाच बघावं लागतं.

इथेनॉलबद्दल विचारणा होणार, म्हणून आधीच सांगतो. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, पेट्रोलच्या १४.७ च्या जागी साधारण ९. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरमध्ये वीस टक्के मिसळीचं इंधन घातलं की मिश्रण थोडं पातळ पडतं. इंजेक्शनची गाडी ते बऱ्याच अंशी सावरून घेते. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. हे सगळं खरं. पण हल्ली प्रत्येक दोषाला 'इथेनॉल' हे एकच उत्तर मिळतं, ते मला मान्य नाही. त्याच पंपावर, त्याच मॉडेलच्या शेजाऱ्याच्या गाडीत तेच इंधन आहे आणि ती ठीक चालते. मग तुमच्या गाडीत निराळं काय आहे, हा प्रश्न उरतोच. तुमचं स्लो जेट आधीच अर्धं बुजलेलं असेल आणि इथेनॉलनं उरलेली थोडी सवड घालवली असेल. दोन्ही मिळून कारण झालं. त्यातलं एकच तुमच्या हातात आहे.

प्रश्न आले आहेत, वेळ कमी आहे, एक घेतो. "तपासायचं कुठल्या क्रमानं?" बरेच जण सांगतील, जे कारण सर्वांत संभवनीय ते आधी. माझं मत थोडं वेगळं आहे. जी तपासणी स्वस्त आहे आणि उलटवता येते, ती आधी. चोक ओढून बघणं, न्यूट्रल आणि गिअरमधला फरक बघणं, प्लग कॅप घट्ट बसली आहे का बघणं, यात काहीच बिघडत नाही. टॅपेट आणि कार्बोरेटर उघडणं त्यानंतर.

आणि जिथे पाऊस फार आहे तिथल्यांसाठी एक. पावसानंतर लगेच बंद पडायला लागली तर प्लग कॅप कोरडी करा आणि फ्लोटच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू उघडा. इंजिन थंड असू द्या, आसपास विडी-सिगारेट नको. निघालेलं पेट्रोल काचेच्या छोट्या बरणीत धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल.